काटेरी रानात टिकणारी पँट कशी निवडावी

पहिल्या वर्षी मी जीन घालून गेले होते. ऑक्टोबरचा तिसरा शनिवार, अमेरिकेतल्या साउथ डकोटा राज्यात फेझंट या कोंबडीएवढ्या रानपक्ष्याच्या शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस. तिथे सकाळी दहाच्या आधी बार काढता येत नाही, पण दहा वाजले तरी गवतावरचं दव उतरलेलं नव्हतं. छातीइतक्या उंच स्विचग्रासमधून अर्धा तास चालले आणि जीन मांडीपर्यंत चिंब झाली. गुडघा उचलायचा म्हटलं की कापड मांडीला धरून बसायचं. दुपारी कुत्र्यामागे रानगुलाबाच्या जाळीत शिरले. बाहेर आले तेव्हा दोन्ही मांड्यांवर ओरखड्यांच्या रांगा उमटल्या होत्या आणि डाव्या गुडघ्यावर जीन टरकली होती. सोबत आमचे शेजारी होते, सत्तरी उलटलेले शेतकरी. तेही त्याच जाळीतून आले होते. त्यांच्या पँटवर नुसता चिखल होता.

मी मूळची सांगोल्याकडची. बोरी-बाभळी, कुसळं, सराटे यांच्यातच लहानपण गेलं, त्यामुळे काट्यांचं मला नवल नव्हतं. पण आपल्या माळावर आपण काटा चुकवत चालतो. पायवाट असते, मेंढरांनी पाडलेली वाट असते. पक्ष्यांच्या शिकारीत पक्षी जिथे दडतो तिथेच शिरावं लागतं, आणि पक्षी दडतो तो काट्यातच. त्या दिवसानंतर अकरा हंगाम झाले. काही पँटी फाटल्या, काही मी परत केल्या, दोन अजून वापरात आहेत. त्यातून जे शिकले ते इथे क्रमाने लिहिते आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून शिकारीवर बंदी आहे आणि ती असायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. हा लेख अमेरिकेत राहणाऱ्या, परवाना काढून, ठरलेल्या हंगामात आणि ठरलेल्या संख्येतच शिकार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी आहे. साउथ डकोटात, उदाहरणार्थ, दिवसाला माणशी तीनच फेझंट आणि तेही फक्त नर. मात्र कापडाचा आणि शिलाईचा भाग सह्याद्रीत करवंदीच्या जाळ्यांतून हिंडणाऱ्या पक्षीनिरीक्षकांना आणि गडवाटा तुडवणाऱ्यांनाही तसाच लागू पडेल.

अशा पक्ष्यांच्या शिकारीला इंग्रजीत 'अपलँड' शिकार म्हणतात. 'अपलँड' म्हणजे पाणथळ सोडून उरलेली जमीन: गवताळ माळ, झुडपी रान, डोंगरउतार. बदकांची शिकार एका जागी बसून करतात. इथे दिवसभर चालायचं असतं. माझा फेझंटचा दिवस दहा-पंधरा किलोमीटरचा होतो, आणि तो बहुतेक वाटेशिवायचा. म्हणूनच सगळ्यात जाड पँट ती सगळ्यात टिकाऊ, हा हिशेब इथे चुकतो. काटा लागतो तिथे चिलखत आणि बाकी सगळीकडे मोकळीक, अशी पँट हवी. जी पँट दुपारी दोन वाजता पाय ओढायला लावते ती कपाटात दहा वर्षं टिकेल, पण तिचा उपयोग काय?

पहिली पायरी: रान ओळखा

दुकानात जायच्या आधी तुम्ही कुठे चालणार आहात ते ठरवा. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

डकोटा, नेब्रास्का, कॅन्सस, आयोवा इथली फेझंटची रानं म्हणजे बहुतेक उंच गवत. 1985 च्या शेती कायद्याने सुरू झालेल्या योजनेत शेतकऱ्याला जमीन पिकाऐवजी गवताखाली ठेवण्यासाठी सरकार वार्षिक भाडं देतं. त्या जमिनींत बिग ब्लूस्टेम आणि स्विचग्रास माणसाच्या डोक्याइतकं वाढतं. इथे काटा कमी असतो. पँट मरते ती घासण्याने आणि ओलीने. गवताची पाती दिवसभर मांडीवर आणि नडगीवर कानशीसारखी चालत राहतात. डिसेंबरात तळी गोठली की फेझंट पाणकणसाच्या बेटांत शिरतात. तिथे बर्फ आणि मोडके दांडे आणि मध्येच पातळ बर्फाखालचं पाणी, असं सगळं एकत्र भेटतं. शेताच्या कडेला वारा अडवायला लावलेल्या झाडांच्या ओळींत बफेलोबेरी आणि रशियन ऑलिव्ह असतात, त्यांचे काटे चांगले लांब आणि टणक असतात.

आयोवा-मिसूरीपासून पूर्वेकडे मल्टिफ्लोरा नावाचा रानगुलाब भेटतो. तो मूळचा पूर्व आशियातला. जमिनीची धूप थांबावी आणि जिवंत कुंपण व्हावं म्हणून 1930 च्या दशकापासून सरकारनेच तो शेतकऱ्यांना लावायला सांगितला. आज अनेक राज्यांत तो उपद्रवी तण ठरलेला आहे. त्याचे काटे मागे वळलेले असतात. ते कापडात शिरतात आणि तुम्ही पुढे गेलात की धागा ओढून काढतात. सैल विणीचं किंवा ताणलं जाणारं कापड इथे हंगामभरात केसाळ होतं.

उत्तर मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही ग्राऊस नावाच्या रानपक्ष्याची रानं. लाकूडतोडीनंतर उगवलेलं कोवळं ॲस्पन, ओलसर जागी अल्डर, मधून ब्लॅकबेरीच्या वेली. दर दहा पावलांवर पडलेलं खोड ओलांडायचं असतं. इथे कापडाइतकंच महत्त्व बेतण्याला आहे, कारण दिवसभरात गुडघा शेकडो वेळा कमरेपर्यंत येतो.

दक्षिणेकडे बॉबव्हाइट लावेच्या रानात ग्रीनब्रायर असतो. आपल्या सह्याद्रीतल्या घोटवेलीचा तो सख्खा भाऊबंद, तोच वंश, तसेच आकडेदार काटे आणि तशीच चिवट वेल. टेक्सास आणि ॲरिझोनात मेस्कीट लागतो. सोलापूर-नगरकडे जी वेडी बाभूळ माजली आहे ती याच कुळातली, अमेरिका खंडातूनच आपल्याकडे आलेली. फड्या निवडुंगही तिथलाच. पहिल्यांदा तो माळ पाहिला तेव्हा मला क्षणभर गावाकडे आल्यासारखं वाटलं होतं. तिथे उष्णता मोठी आणि काटे सुईसारखे. चोया नावाच्या निवडुंगाचा तुकडा पायाला चिकटला तर हाताने ओढू नका. खिशात एक प्लास्टिकचा कंगवा ठेवा, त्याचे दात खाली घालून झटक्यात उडवा.

आणि नेवाडा, आयडाहो, पूर्व ओरेगॉनमधले उभे खडकाळ डोंगर म्हणजे चुकारचं राज्य. चुकार म्हणजे चकोर, आपल्या जुन्या कवितेत चांदणं पिऊन जगणारा तोच पक्षी, आशियातून नेऊन तिथे सोडलेला. चकोरामागे चढताना मांडीवर काटे फारसे लागत नाहीत. चढ लागतो. परत येताना मुरमाड घसारा आणि धारदार दगड लागतात. तिथे मांडीपेक्षा पँटचं बूड आधी फाटतं.

तुमचं रान यांपैकी कुठलं, हे एका ओळीत लिहून काढा. पुढची प्रत्येक निवड त्या ओळीवरून करायची आहे.

दुसरी पायरी: कापड

जाड सुती कॅनव्हास हे या धंद्यातलं जुनं कापड. अमेरिकेत त्याचं वजन चौरस वाराला औंसांत सांगतात. 12 औंस म्हणजे चौरस मीटरला साधारण 400 ग्रॅम, 8 औंस म्हणजे 270 च्या आसपास. माळावरच्या कामाला 10 ते 12 औंस पुरतं. 1889 साली डेट्रॉइटमध्ये सुरू झालेल्या कारहार्टच्या, पुढून दुहेरी कापड लावलेल्या कामगारी पँटी आजही कितीतरी शेतकरी शिकारीला घालतात, कारण त्या स्वस्त आहेत आणि काट्याला चांगल्या पुरतात. सुताची एक गंमत लक्षात ठेवण्यासारखी आहे. ते भिजल्यावर कमजोर होत नाही, उलट त्याचा धागा बळकट होतो. पण ते पाणी धरून ठेवतं, सुकत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतं. कोरड्या दिवशी कॅनव्हास उत्तम. दवात, पावसात, बर्फात नको.

जाता जाता सांगते, इंग्रजीत जाड कामगारी पँटला 'डंगरीज' म्हणतात तो शब्द मुंबईच्या डोंगरीचा आहे. तिथल्या जाड्याभरड्या सुती कापडाचं नाव जहाजांबरोबर जगभर गेलं.

मेण लावलेला कॅनव्हास हे त्याच कापडाचं दुसरं रूप. 1897 पासून सिॲटलमध्ये कपडे करणारी फिल्सन कंपनी त्याला 'टिन क्लॉथ' म्हणते, आणि नवी पँट खरोखर पत्र्यासारखी उभी राहते. काटा त्यावरून घसरतो, दव थेंब होऊन ओघळतं, वारा शिरत नाही. माझी मेणाची पँट आठव्या हंगामात आहे. पण ती घरच्या वजनकाट्यावर सव्वा किलो भरते, सप्टेंबरच्या उन्हात तिच्यात जीव गुदमरतो, कडाक्याच्या थंडीत ती ताठ होते आणि गाडीच्या सीटवर मेणाचे डाग पडतात. काटेरी आणि थंड रानासाठी घ्या. चढासाठी आणि उन्हासाठी घेऊ नका.

नायलॉनच्या बाबतीत 'डेनियर' हा आकडा समजून घ्यावाच लागतो, कारण प्रत्येक लेबलवर तो असतो. 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन म्हणजे डेनियर. म्हणजे 1000 डेनियरचा धागा नऊ किलोमीटर लांब असेल तर एक किलो भरेल. बायकांच्या पातळ मोज्यांचा धागा 15-20 डेनियर असतो, त्यावरून अंदाज येईल. शिकारीच्या पँटच्या पुढच्या भागाला 500 ते 1000 डेनियरचं नायलॉन लावतात. कोर्डुरा हे त्याचं व्यापारी नाव बहुधा दिसेल.

पण हा आकडा घासण्याला टिकण्याचा आहे, टोचण्याला नव्हे. जाड धाग्यांच्या विणीत फटीही मोठ्या राहतात. गवत, ब्लॅकबेरी, रानगुलाब यांच्यापुढे 1000 डेनियर भिंतीसारखं उभं राहतं, पण निवडुंगाचा बारीक सुईकाटा त्याच्या फटीतून सरळ आत येतो. म्हणून टेक्सासकडच्या रानासाठी आकडा मोठा बघण्यापेक्षा वीण घट्ट आहे का आणि आतून लेप दिलेला आहे का, हे बघा. कापड उजेडाकडे धरा. सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर काटाही तिथूनच येणार.

नायलॉन लवकर सुकतं, हलकं असतं. त्याचे दोष दोन. एक म्हणजे आवाज. चालताना मांडीवर मांडी घासून जो खर्रखर्र आवाज होतो तो हंगामाच्या शेवटी, माणसांना चांगले ओळखायला लागलेले फेझंट लांबूनच ऐकतात आणि पळत सुटतात. दुसरा म्हणजे विस्तव. शेकोटीची एक ठिणगी पडली की गोल भोक पडतं.

चौथा प्रकार म्हणजे गिर्यारोहणाच्या पँटीसारखं, थोडं इलॅस्टेन घातलेलं ताणलं जाणारं कापड. चकोराच्या डोंगरांसाठी मी हेच सुचवेन, बुडावर आणि गुडघ्यावर दुसरा थर असलेलं. अशी पँट साडेचारशे-पाचशे ग्रॅमची मिळते आणि संध्याकाळी चढताना तो फरक मांड्यांना कळतो. रानगुलाबात मात्र ती नेऊ नका. आकडेदार काटा तिचे धागे उपसतो.

तिसरी पायरी: पुढचं चिलखत नीट तपासा

ब्रश पँट म्हणजे पुढून मांडी ते घोट्यापर्यंत वेगळं मजबूत कापड लावलेली पँट. इथे कंपन्या कापड वाचवतात, आणि नेमकं तिथेच आपलं रक्त निघतं. चार गोष्टी हात लावून बघा.

चिलखत कुठून सुरू होतं? ते खिशाच्या तोंडाच्या जवळपास सुरू व्हायला हवं. अर्ध्या मांडीवर सुरू होणारं गुडघाभर झुडपांपुरतं ठीक, पण रानगुलाब कमरेइतका असतो. शिवाय अर्ध्या मांडीवरची आडवी शिवण चालताना बरोबर घडीवर येते आणि तिथूनच उसवते. माझी एक महागडी पँट, चांगल्या नावाच्या कंपनीची, दुसऱ्याच हंगामात याच जागी उसवली.

ते किती बाजूंना वळतं? नुसतं समोर असून चालत नाही. बाहेरच्या शिवणीच्या मागे दोन-तीन बोटं आणि आतल्या बाजूला पोटरीपर्यंत यायला हवं. घोट्याच्या आत बुटावर बूट घासतो आणि पँट तिथे सगळ्यात आधी विरते.

शिवण कशी आहे? कडा आत दुमडून दोन किंवा तीन रांगांत टाके घातलेली हवी, जीनच्या बाहेरच्या शिवणीसारखी. नुसती कडा जोडून वरून एक टीप मारलेली असेल तर ठेवून द्या. खिशाच्या कोपऱ्यांना आणि चेनच्या खाली दाट उभे टाके आहेत का पाहा. शिवण दोन्ही हातांनी जोरात ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर दोरा सैल आहे.

गुडघ्याचा दुहेरी थर खालून उघडा आहे का? असला तर चांगलं, आत साठलेला कचरा झटकता येतो आणि हवी तर गादी घालता येते. चारही बाजूंनी बंद असलेल्या थरात पाणी शिरलं की ते तिथेच बसून राहतं.

चौथी पायरी: मापं, आणि दुकानातली दहा मिनिटं

माझा सगळ्यात जास्त भर या पायरीवर आहे. कापड कितीही भारी असो, आसन आखूड असेल तर पँट तिथेच फाटते.

दुकानात जाताना शिकारीचे बूट, जाड मोजे आणि थंडीत घालता ती आतली लांब चड्डी घेऊन जा. हे सगळं घालून पँट चढवा. मग पुढचं सगळं करून पाहा.

एक पाय खुर्चीवर ठेवा, गुडघा कमरेच्या वर आला पाहिजे. काटेरी तारेचं कुंपण ओलांडताना पाय इतकाच वर जातो. मांडीवर कापड ताणून थांबलं तर ती पँट नको. गुडघा आधीच थोडा वाकवून बेतलेला असेल तर हा ताण कमी होतो.

उकिडवे बसा, कुत्र्याच्या पंजातला सराटा काढायला बसता तसे. पाठीमागे नेफा खाली सरकून कंबर उघडी पडते का, ते सोबतच्या माणसाला बघायला सांगा. बसल्यावर आसनाच्या शिवणीवर ताण जाणवला तर आतून बघा. दोन्ही पायांच्या सांध्यात हिऱ्याच्या आकाराचा वेगळा तुकडा लावलेला असला पाहिजे. आपल्या जुन्या लेंग्यांना शिंपी असाच तुकडा लावायचे, आणि त्यामुळेच लेंगा घालून मांडी घालता यायची. जिथे चार शिवणी एका बिंदूत भेटतात ती जागा पँटची सगळ्यात कमजोर जागा, आणि हा तुकडा तो बिंदूच काढून टाकतो.

मग गाडीत बसता तसे पाच मिनिटं खुर्चीत बसा. बक्कल पोटात रुतत नाही ना? काडतुसांच्या जाकिटाचा पट्टा त्याच जागी येतो, हे विसरू नका.

लांबी रोजच्या पँटपेक्षा थोडी कमी ठेवा. मोहरी बुटाच्या टाचेच्या वर दोन बोटं संपावी, पण पाय उचलल्यावर बुटाचा वरचा काठ उघडा पडता कामा नये. जमिनीला लागणारी मोहरी महिन्याभरात झिजते, ओल वर ओढते आणि स्वतःच्याच टाचेखाली येते.

बायकांसाठी दोन शब्द वेगळे. बरीच वर्षं 'महिलांची' पँट म्हणजे पुरुषांचीच, फक्त लहान मापाची आणि वेगळ्या रंगाची. आता परिस्थिती सुधारली आहे, तरी दोन ठिकाणी नीट बघा. नितंबाला बसणारी पँट कमरेला मागून हाताच्या मुठीएवढी उघडी राहते का? राहत असेल तर नेफ्यात मागे इलॅस्टिक असलेली शोधा किंवा शिंप्याकडून कंबर मारून घ्या. आणि चिलखताचं कापड पुरुषांच्या त्याच पँटइतकंच जड आहे का, ते लेबलवर ताडून पाहा. मला एकदा 1000 ऐवजी 400 डेनियर सापडलं होतं, किंमत मात्र तीच होती. मी त्यानंतर दोन वर्षं पुरुषांचीच पँट अल्टर करून वापरली. ग्राहक म्हणून आपण हे विचारत राहिलं पाहिजे.

खिसे, चेन, मोहरी

यात फार वेळ घालवू नका. पुढचे खिसे तिरके असले तर त्यांत गवताचं बी भरतं, आडवे बरे. मागच्या खिशांना झाकण हवं. चेन पितळी किंवा जाड प्लास्टिकची, आणि हातमोजे घालून ओढता येईल अशी. मोहरीला बाहेरून दुमड अजिबात नको, तिच्यात कुसळं साठतात. घोट्याशी छोटी चेन असली तर बूट न काढता पँट काढता येते, पण चिखलात तीच आधी बिघडते. मी चेन नसलेली पसंत करते.

काडतुसं पँटच्या खिशात भरू नका. वजनाने पँट खाली ओढली जाते, आसन खाली येतं आणि पाऊल आखूड पडतं. ती जाकिटात ठेवा. पँट तरीही सरकत असेल तर गॅलिस लावा. आमचे शेजारी पट्टा वापरतच नाहीत, आणि दिवसभरात त्यांना पँट वर ओढताना मी कधी पाहिलेलं नाही.

चॅप्स घ्यावेत का?

चॅप्स म्हणजे साध्या पँटवर चढवायच्या, फक्त पुढून झाकणाऱ्या तंगड्या. मूळ स्पॅनिश शब्द चापारेरास, चापाराल नावाच्या काटेरी झुडपी रानातून घोडा हाकणाऱ्यांचं साधन. वर्षातून दोनदाच जाणार असाल, किंवा सकाळी जाळीत आणि दुपारी उघड्या माळावर अशी शिकार असेल, तर मेणाच्या कॅनव्हासचे चॅप्स हाच स्वस्त आणि शहाणपणाचा उपाय आहे. नव्या माणसाला मी आधी चॅप्सच सुचवते. एक हंगाम चाललात की आपल्याला काय हवं ते आपोआप कळतं. चॅप्सची अडचण एकच, मांडीचा वरचा भाग आणि बूड उघडं राहतं, त्यामुळे बर्फात त्यांचा उपयोग कमी.

ओल आणि ऊब

पँटच्या आतच जलरोधक पडदा शिवलेला असतो तशा पँटी टाळा, असं माझं मत आहे. चालणाऱ्या माणसाचा घाम बाहेर जाणं पावसाला अडवण्याइतकंच महत्त्वाचं असतं, आणि काट्याने पडद्याला एक भोक पाडलं की तो पैसा वाया जातो. ओल्या गवतासाठी पुढचं चिलखत पाणी झटकणारं असलं की काम होतं. खरा पाऊस आला तर वरून घालायची पातळ पावसाळी पँट पिशवीत ठेवा, आणि जाळीत शिरायच्या आधी ती काढा.

ऊब आतल्या थरातून आणा. अस्तर शिवलेली पँट नोव्हेंबरात एखादा महिना बरी वाटते आणि बाकी हंगाम ओझं होते. मेरिनो लोकरीची पातळ लांब चड्डी आतून घातली की तीच पँट सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत चालते. त्यासाठी पँट अर्धा इंच सैल घ्या. मापं घेताना आतली चड्डी घालून जा म्हटलं ते याच कारणाने.

रंग आणि गोचीड

शिकाऱ्याने झगझगीत नारंगी घालावं असे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. मिनेसोटात निदान एक नारंगी किंवा गुलाबी कपडा कमरेच्या वर दिसला पाहिजे. पँट नारंगी असून तो नियम पाळला जात नाही. तेव्हा पँटचा रंग फिकट खाकी घ्या, म्हणजे अंगावर चढणारी गोचीड लगेच दिसते. मध्य-पश्चिम आणि ईशान्येकडच्या रानांत काळ्या पायांची गोचीड लाइम रोग पसरवते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरातही ती जागी असते. कपड्यांवर मारायचं 0.5 टक्के परमेथ्रिन मिळतं. पँट बाहेर टांगून फवारा, पूर्ण वाळू द्या, मगच घाला. पाच-सहा धुण्यांपर्यंत त्याचा असर राहतो. ओलं असताना ते मांजरांना विषारी असतं. घरात मांजर असेल तर पँट वाळेपर्यंत तिला लांब ठेवा. अंगाला हे औषध लावायचं नसतं.

किती पैसे घालावेत

चांगली ब्रश पँट साधारण 80 ते 250 डॉलरच्या दरम्यान मिळते. मी किमतीला हंगामांनी भागते. 90 डॉलरची पँट दोन हंगाम आणि 220 ची आठ हंगाम टिकली, तर दुसरी स्वस्त. पण हे फक्त दरवर्षी दहा-बारा दिवस जाणाऱ्याला लागू. तीन दिवस जाणाऱ्याने 60 डॉलरची कॅनव्हास पँट आणि चॅप्स घ्यावेत, उरलेल्या पैशांत चांगले बूट घ्यावेत. दुरुस्ती करून देणारी कंपनी असेल तर तिला थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. फाटल्यावर पत्र कुठे लिहायचं ते विकत घेतानाच विचारा.

घरी आणल्यावर

पहिल्याच दिवशी दूरच्या शिकारीला नवी पँट नेऊ नका. दोन दिवस अंगणात, शेतात, बागकामात घाला. कुठे घासतं ते तिथे कळेल आणि परतही करता येईल.

नायलॉनची पँट उलटी करून, चेन लावून, थंड पाण्यात कमी साबणाने धुवा. कपड्यांना मऊ करणारं द्रव्य घालू नका, त्याने पाणी झटकण्याचा गुण जातो. इलॅस्टेन असेल तर गरम ड्रायरमध्ये टाकू नका, ताण देणारा धागा मरतो. मेणाची पँट मशीनमध्ये कधीच घालायची नाही. चिखल वाळू द्या, ताठ ब्रशने झाडा, थंड पाण्याच्या फडक्याने पुसा, सावलीत टांगा.

दर हंगामाआधी मेणाला उजाळा द्यावा लागतो. मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवून पातळ करा. पँट टेबलावर जुन्या वर्तमानपत्रावर पसरा. मांडी, गुडघा, बूड आणि सगळ्या शिवणी, या क्रमाने फडक्याने थोडं थोडं घासा. नंतर केस वाळवायच्या यंत्राची गरम हवा द्या, म्हणजे मेण कापडात मुरेल, आणि रात्रभर टांगून ठेवा. शिवणींना विसरू नका, पाणी सुईच्या भोकांतूनच येतं.

छोटी फाट दिसली की त्याच संध्याकाळी शिवा. सुती दोरा नको, जाड पॉलिएस्टरचा घ्या. कॅनव्हासला आतून ठिगळ लावून भोवती दोन रांगा टीप मारा. ठिगळाचे कोपरे गोल कापा, चौकोनी कोपरे काट्यात अडकून सुटतात. नायलॉनला घरी रफू नीट बसत नाही, त्याला चिकटपट्टीचं तयार ठिगळ लावून कडेने टाके घाला. आई गोधडी शिवताना जुन्या धोतराचं कापड आतल्या बाजूला ठेवायची आणि नवं बाहेर. मी ठिगळासाठी मात्र जुन्या पँटचंच कापड राखून ठेवते, कारण नवं ताठ कापड शेजारच्या विरलेल्या कापडाला ओढून फाडतं.

आणि रोजचं शेवटचं काम, गाडीत बसायच्या आधीचं. पांढरं फडकं जमिनीवर अंथरा, पँट काढून त्यावर उलटी झटका. खिसे बाहेर काढा, गुडघ्याचा थर खालून मोकळा करा, मोहरीची शिवण बोटांनी चाचपा. फडक्यावर जे पडेल त्यात गोचीड आहे का ते आधी पाहा. बाकी कुसळं आणि बिया एका पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, दुसऱ्या माळावर नेऊ नका. मग तेच फडकं कुत्र्याखाली घाला आणि त्याच्या पंजांच्या बेचक्या, काखा आणि कान उलटे करून बघा. जे कुसळ तुमच्या पँटमध्ये अडकलं होतं, तसंच एखादं त्याच्या कातडीत शिरायच्या वाटेवर असतं.